खोकं उघडून दाखवा: खेळण्यांच्या धंद्यातली माझी बारा वर्षं

२०१३ च्या एप्रिलमध्ये बी.कॉम.चा शेवटचा पेपर झाला आणि आठवड्याच्या आत मी नाशिकमधल्या एका मॉलमध्ये, खेळण्यांच्या मोठ्या साखळी दुकानात, फ्लोअरवर उभी राहिले. पहिल्याच दिवशी सुपरवायझर ताईंनी सांगितलं, "गिऱ्हाईकाला बजेट नंतर विचार, आधी मूल किती वर्षांचं आहे ते विचार." आज माझं स्वतःचं दुकान आहे, आणि कुणी शिकायला आलं की मीही तिथूनच सुरुवात करते. कारण वय कळलं की अर्ध्याहून जास्त रॅक बाद होतात. तीन वर्षांखालच्या मुलासाठी तोंडात जाईल असा एकही सुटा तुकडा चालत नाही. चौथ्या वर्षी शंभर तुकड्यांचं पझल दिलं तर ते आईच जोडत बसते आणि मूल उठून जातं.

आमचं ते दुकान लॉकडाऊननंतर बंद झालं. पंधरा दिवस आधी सांगितलं, आणि शेवटचा पगार हातात यायला पाच महिने गेले. तेव्हा जो भेटेल तो म्हणायचा, "मुलं मोबाइलवर खेळतात आता, खेळणी कोण घेतं?" मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. पण बिलिंगला बसून मी सहा वर्षं रोजचा गल्ला मोजला होता. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रांग लागायची. खेळणी विकली जात होती. मग दुकान का बुडालं, या प्रश्नाने मला झोप येईना, आणि मी जगातल्या सगळ्यात मोठ्या साखळीचं काय झालं ते शोधून वाचलं.

नव्याने या धंद्यात येणाऱ्याने 'टॉइज आर अस' या अमेरिकेतल्या खेळण्यांच्या साखळीची गोष्ट नीट समजून घ्यावी. चार्ल्स लझारस यांनी १९४८ मध्ये वॉशिंग्टनला लहान मुलांच्या फर्निचरचं दुकान काढलं. त्यांच्या लक्षात आलं की पाळणा लोक एकदाच घेतात, दुसऱ्या बाळालाही तोच चालतो. खेळणं मात्र मोडतं, मुलाचं वय पुढे सरकतं, आणि आई-वडील परत दुकानात येतात. १९५७ मध्ये त्यांनी फक्त खेळण्यांचं दुकान सुरू केलं आणि पुढे त्याची जगभर साखळी झाली. २००५ मध्ये तीन गुंतवणूकदार कंपन्यांनी ती सुमारे ६.६ अब्ज डॉलरना विकत घेतली. त्या पैशांतला मोठा भाग कर्जाऊ होता आणि ते कर्ज साखळीच्याच डोक्यावर बसलं. वर्षाला ४० कोटी डॉलरच्या घरात नुसतं व्याज. एकीकडे वॉलमार्टसारखी दुकानं नाताळात खेळणी पडत्या भावात विकत होती, दुसरीकडे ॲमेझॉन वाढत होतं, आणि यांच्याकडे दुकानाला रंग द्यायला, माणसं नेमायला पैसा उरत नव्हता. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला, जून २०१८ अखेर अमेरिकेतली दुकानं बंद झाली आणि तीस हजारांवर लोकांची नोकरी गेली. विक्री तेव्हाही वर्षाला ११ अब्ज डॉलरच्या आसपास होती! हे वाचलं त्या रात्री मी वहीत लिहिलं: कर्ज, भाडं, पडून असलेला माल. पुढे दुकान काढताना हीच तीन नावं डोळ्यांसमोर ठेवली.

भाड्याचं आधी सांगते. कॉलेज रोडवर अगदी दर्शनी गाळा मिळत होता, मन खूप ओढत होतं. घेतला नाही. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, दोन शाळांच्या वाटेवर, १८० चौरस फुटांचा गाळा घेतला. माझा ठोकताळा साधा आहे: महिन्याच्या विक्रीच्या दहाव्या हिश्शापेक्षा भाडं जास्त होत असेल तर तो गाळा आपला नाही. ही विक्री दिवाळीची धरू नका. जुलैची धरा, शाळेची फी भरून लोकांचे खिसे रिकामे असतात तेव्हाची.

मालाचं मात्र पुस्तकातून कळत नाही. महिन्यातून एकदा मी नाशिक रोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडते आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटच्या घाऊक बाजारात जाते. पहिल्या खेपेला मी डझनाचा भाव बघून भुलले आणि एकाच रिमोट गाडीचे सहा डझन उचलले. त्यातल्या निम्म्या गाड्या वर्षभर फळीवर राहिल्या आणि सेल खराब झाले. तेव्हापासून प्रत्येक खोक्याच्या तळाला पेन्सिलीने तारीख लिहिते. नव्वद दिवसांत जे हललं नाही ते खरेदीच्या भावात काढून टाकायचं. जीव तुटतो, पण अडकलेला पैसा मोकळा होतो आणि त्यातून चालणारा माल येतो.

साखळी दुकानात आम्हाला हे करता येत नव्हतं, कारण खरेदी मुख्य कार्यालयातून व्हायची. दिवाळीच्या आधी नाशिकच्या गल्लीगल्लीत पोरं चिखल कालवून किल्ला बांधत असतात, त्यांना मावळे हवे असतात, तोफा हव्या असतात, सिंहासनावरचे महाराज हवे असतात. आमच्या चकाचक रॅकवर तेव्हा नाताळच्या मालाची तयारी असायची! तीच पोरं मग मेन रोडला, रविवार कारंजाला रस्त्यावर बसलेल्या बाईकडे जायची. पोळ्याला मातीचे बैल, लग्नसराईत भाचीला द्यायला पितळी भातुकली, हे सगळं आपल्याकडे खेळणंच आहे आणि त्याला गिऱ्हाईक आहे. माझ्या दुकानाचा दिवाळीतला सगळ्यात जोरात चालणारा माल मावळेच आहेत.

आता कायद्याचं. इथे ढिलाई नको. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, आणि शिक्का नसलेला माल विकणारा दुकानदारही जबाबदार धरला जातो. होलसेलवाला "ताई, सगळे घेतात" म्हणाला तरी तो माल नको. विकास आयुक्त, हस्तकला यांच्याकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे. सावंतवाडीची लाकडी फळं, भोवरे मागवताना मी तो कागद आधी मागते, आणि मावळे करणाऱ्या कुंभार दादांनाही फॉर्म भरून देऊन नोंदणी करायला लावली. आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, त्यामुळे स्वस्त चिनी माल आटला आणि देशी कारखान्यांचा माल वाढला. जीएसटीत साधी खेळणी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आली, विजेवर चालणारी १८ टक्क्यांतच आहेत. बिल बनवताना ही दोन खाती वेगळी ठेवा.

ऑनलाइनशी भावात झुंजायला जाऊ नका. दहा मिनिटांत घरी खेळणं पोचवणाऱ्या ॲपपुढे माझा टिकाव लागत नाही, आणि पाच वाजता वाढदिवसाला निघालेल्या आईने तिथून मागवलं तर मला वाईटही वाटत नाही. पण ॲपवर खोकं बंदच येतं. माझ्याकडे प्रत्येक खेळाचा एक नग उघडा असतो. परवा एक आजोबा नातवाला घेऊन आले, "याला बुद्धीचं काहीतरी द्या" म्हणाले. मी खाली सतरंजीवर तीन खेळ मांडले. नातू चुंबकाने एकमेकांना चिकटणाऱ्या तुकड्यांपाशी जो बसला तो पाऊण तास उठला नाही, आणि आजोबा इतर दोन खेळांच्या खोक्यांकडे बघायचे थांबले. तो उघडा नग शेवटी नुकसानीत जातो, महिन्याला असे चार-पाच. मी ते जाहिरातीच्या खर्चात धरते.

मोठी नावं पण याच वाटेने परतताना दिसतात. लंडनचं १७६० चं हॅमलीज हे खेळण्यांचं दुकान २०१९ मध्ये रिलायन्सने घेतलं, आणि त्यांच्या दुकानात मुलांना खेळणी हाताळून दाखवणारी माणसं हीच ओळख आहे. 'टॉइज आर अस' अमेरिकेत २०२२ मध्ये मेसीज या डिपार्टमेंट स्टोअरच्या साखळीत कोपरा घेऊन परतलं. कोपरा ही कल्पना आपल्याही उपयोगाची आहे. गाळ्याचं डिपॉझिट जमत नसेल तर ओळखीच्या पुस्तकांच्या किंवा लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात दोन रॅक मागा, विक्रीवर टक्केवारी ठरवा आणि एक मे महिना काढून बघा.

मी गेल्या वर्षापासून भाड्याने खेळणी देते. डिपॉझिट घेऊन पंधरा दिवसांना एक मोठा खेळ. परत आलेला प्रत्येक तुकडा मोजायचा, साबणाच्या पाण्याने पुसायचा, हरवलेल्याची नोंद करायची, यात रोजचा तास जातो आणि हातात पैसे फार राहत नाहीत. तरी मी ते चालू ठेवलंय. आठ भाड्यांमागे दोन-तीन घरं तोच खेळ विकत मागतात, आणि कुठलं खेळणं मुलांनी खरंच वापरलंय ते कोपऱ्यांच्या झिजेवरून कळतं. पुढच्या महिन्याच्या मुंबईच्या खरेदीची यादी मी त्या झिजलेल्या खोक्यांकडे बघूनच करते.