गाडीच्या सेफ्टीचा नियम बदलवून घ्यायचा असंल तर अर्ज कोणाकडं आणि कसा करायचा

कापसाचा सीजन लागला की अंधार पडल्यावर जिनिंग कारखान्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या निघतात, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, मग एखादा पोरगा मोटरसायकल घेऊन मागून धडकते आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव होते की "शासनाने कडक कायदा करावा". तो ठराव तहसीलात जाऊन पडते, कारण कोणता कायदा, कोणता नियम, करायचा कोणी, हे त्यात लिहिलेलंच नसते. म्हणून अर्ज लिहायच्या आधी एवढं वाचून घ्या भाऊ.

सगळ्यात पहिले बघायचं की नियम आधीच आहे का. ट्रॉलीचंच घ्या, ट्रेलरला मागून दोन्ही बाजूला लाल रिफ्लेक्टर पायजे हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १०४ मध्ये आधीपासून आहे. म्हणजे इथं नवीन कायदा मागून काही उपयोग नाही, अंमलबजावणी मागा, आरटीओ आणि पोलीस स्टेशनला नियमाचा नंबर टाकून लिहा की सीजन सुरू व्हायच्या आधी जिनिंगच्या गेटवर आणि बाजार समितीच्या यार्डात तपासणी लावा, ज्याला रिफ्लेक्टर नाही त्याला तिथंच लावून द्या. गाडीतल्या पोरांच्या पट्ट्याचंही (सीट बेल्टचं) तसंच, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं, १४ वर्षांच्या आतलं लेकरू पट्टा किंवा चाइल्ड सीट न लावता बसवलं तर हजार रुपये दंड कायद्यात लिहिलेला आहे. आपल्या भागात किती जणांना हे माहीत आहे सांगा बरं.

नियम नसंलच तर मग पाहायचं की काम दिल्लीचं आहे का मुंबईचं, आणि इथंच बहुतेक लोक चुकतात. मोटार वाहन हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, दोघांचाही हात चालते, पण मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११० नं सीट बेल्ट, लाइट, रिफ्लेक्टर, ब्रेक असल्या सामानाचे नियम केंद्राकडं दिलेत आणि त्यातून जे उरते ते कलम १११ नं राज्याकडं. मग आमदाराला "सगळ्या जीपमध्ये मागं पट्टे बसवा" म्हणून निवेदन दिलं तर तो बिचारा पुढं पत्र पाठवण्यापलीकडं काय करणार, ते खासदारामार्फत रस्ते वाहतूक मंत्रालयाकडं जायला पायजे. राज्याच्या हातातही लय काही आहे बाप्पा, परमिटच्या अटी आहेत, शाळेच्या गाड्या आहेत, जागेवर तडजोडीनं किती दंड घ्यायचा ते कलम २०० खाली राज्य ठरवते, आणि कलम २१० अ नं तर कायद्यातला दंड एक ते दहा पटीपर्यंत वाढवायचीही मुभा राज्याला आहे. (दंड वाढवा अशी मागणी मी तरी करणार नाही, मजुरी करणाऱ्या माणसाला तो झेपत नाही आणि हेल्मेट काही त्यानं डोक्यावर येत नाही.)

काळीपिवळीचा, म्हणजे गावोगाव सवाऱ्या नेणाऱ्या जीपचा, मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटते. पट्टा लावायचा नियम आहे तो समोर तोंड करून बसणाऱ्यांसाठी, आणि मागच्या आडव्या बाकड्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायामाणसांना धरायला दांडीशिवाय काहीच नसते, वरून सीटपेक्षा जास्त माणसं कोंबलेली. परमिट प्रादेशिक परिवहन प्राधिकरण देते, अटी तेच टाकते, तर मागणी तिथंच करा की परमिट रिन्यू करताना पुढचे पट्टे चालू आहेत का आणि सीटा मंजूर आहेत तेवढ्याच आहेत का हे पाहिल्याशिवाय सही करू नका. शाळेच्या गाडीसाठी महाराष्ट्राचे २०११ चे स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, त्यात शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला पायजे. आपल्या शाळेत ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, एवढं लेखी विचारलं तरी अर्धं काम हलते.

आता अर्ज. गोलमोल लिहू नका, सध्याचा नियम अमुक, त्यात बदल अमुक शब्दात पायजे, कारण अमुक, एवढं एका पानात बसवा. कारणाला पुरावा लागते, तर पोलीस स्टेशनला माहितीच्या अधिकारात दहा रुपये फी भरून विचारा की मागच्या तीन वर्षांत आपल्या हद्दीत उभ्या किंवा चालत्या ट्रॉलीला मागून धडकून किती अपघात झाले आणि किती वाजता, ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन आहे. ते आकडे घेऊन ग्रामसभेचा ठराव करा, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातली जी जवळ असंल ती धरा. ठरावाची प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला म्हणजे कलेक्टर ऑफिसला द्या आणि पोच घ्याच, पोच नसंल तर काहून कोणी ऐकणार.

नियम बदलायच्या आधी मसुदा राजपत्रात छापून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, कलम २१२ मध्येच आहे ते, आणि आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायची खरी जागा हीच. लहान लेकरांच्या हेल्मेटचं असंच झालं. २०१९ मध्ये कलम १२९ बदललं, ऑक्टोबर २०२१ ला मसुदा आला, १५ फेब्रुवारी २०२२ ला नियम पक्का झाला आणि वर्षभरानं लागू झाला, चार वर्षांच्या आतलं लेकरू मोटरसायकलवर असंल तर त्याला हेल्मेट (नऊ महिन्यांच्या वरचं असंल तर), चालवणाऱ्याला बांधायचा हार्नेस म्हणजे पट्टा आणि स्पीड ४० च्या वर नाही. मसुदा आला तेव्हा कोणीही सूचना पाठवू शकत होतं, पण खेड्यात लहान मापाचं हेल्मेट भेटत नाही हे आपल्याशिवाय कोण लिहून देणार होतं? म्हणून गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आणि राज्याच्या परिवहन विभागाच्या साइटवर दर पंधरवड्याला नजर ठेवायला सांगा, मुदत मसुद्यावरच लिहिलेली असते.

राज्याचं काम असंल तर आमदाराला डिसेंबरात गाठायची वाट नका पाहू. नागपूरचं हिवाळी अधिवेशन आपल्या दाराशी असते खरं, पण तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देते) बरेच आधी द्यावे लागतात, दिवाळीच्या आसपासच ठरावाची प्रत, पोलिसांचे आकडे आणि एका पानाचा बदल त्याच्या पीएच्या हातात द्या, प्रश्न लिहूनच द्या म्हणजे त्याला फक्त सही करायची राहते. उत्तर आलं की त्याची झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा आणि त्यात "कार्यवाही सुरू आहे" असं असंल तर महिन्याभरानं त्याच पत्राचा जावक क्रमांक टाकून परत विचारा.