जुन्या अँबॅसेडरला स्पिन-ऑन ऑइल फिल्टर

१४८९ सीसीच्या जुन्या पेट्रोल अँबॅसेडरमध्ये ऑइल फिल्टर म्हणजे लोखंडी वाटी, मधला लांब बोल्ट आणि आत बदलायचं एलिमेंट. दर वेळी हात काळे होतात, वाटी नीट बसली नाही तर तेल गळतं. स्पिन-ऑन फिल्टर म्हणजे आख्खा डबाच फिरवून बसवायचा आणि बदलायचा. तो या इंजिनावर बसावा म्हणून मधे जोडतुकडा, म्हणजे अडॅप्टर लागतो. मी अडॅप्टर बसवून घेतला, आणि ही गाडी रोज चालवणाऱ्याने तो बसवावाच असं माझं ठाम मत आहे.

अडॅप्टर विकत घ्या किंवा चांगल्या टर्नरकडून करून घ्या. पुण्यात नाना पेठेत फिल्टर घ्यायला जाताना अडॅप्टर बरोबर न्या आणि आटे दुकानातच जुळवून पाहा. बायपास व्हॉल्व्ह अडॅप्टरमध्ये किंवा फिल्टरमध्ये, कुठेतरी हवाच. फिल्टर तुंबला तर इंजिनाला तेल या व्हॉल्व्हमधूनच मिळतं.

आता खरं काम. वाटी काढल्यावर वरच्या खाचेत जुनी रबरी रिंग चिकटलेली असते. कडक होऊन ती धातूसारखीच दिसते, म्हणून टॉर्च धरून बघा आणि टोकदार हुकाने हळूच उचला. खाचेला चरा पडता कामा नये. जुन्या रिंगवर नवी बसली की गळती ठरलेली.

नवी रिंग आणि अडॅप्टर बसवल्यावर नव्या फिल्टरच्या रबराला तेल लावा, रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळा. पाना नको. मग इंजिन सुरू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून तेलाचं प्रेशर येईपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. वायर परत लावा, गाडी सुरू करून जोड कोरडा आहे ना पाहा, शेवटी डिपस्टिक बघून तेल भरा.