सही करण्याआधी रोजनामा काढा

वकिलीची सनद मिळून मला तिसरं वर्ष चालू होतं. एका दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज नामंजूर झाला आणि दुसऱ्याच दिवशी अशील ऑफिसात येऊन बसले. "साहेब मॅनेज झालेत, वकीलसाहेब. मागच्या तारखेला समोरच्या वकिलाला चेंबरमध्ये बोलावलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

मला चेव आला. दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करावा म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली रातोरात अर्ज लिहिला. त्यात न्यायाधीशांच्या सचोटीवर एक झणझणीत परिच्छेद घातला. खरं सांगायचं तर तो लिहिताना मजाही आली.

सिनियरांनी अर्ज वाचला आणि एवढंच विचारलं, "रोजनाम्याची नक्कल काढलीस?"

नव्हती काढली. रोजनामा म्हणजे दाव्याच्या प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाने ठेवलेली नोंद. काढली तेव्हा त्या तारखेपुढे नोंद होती: न्यायाधीश रजेवर. अशिलांना दाखवली, तर म्हणाले, "मग त्याच्या आधीची तारीख असेल." त्या तारखेला मुदत आम्हीच मागितली होती आणि अशील कोर्टात आलेच नव्हते.

तो अर्ज दाखल झाला असता तर "अशिलाने सांगितलं म्हणून लिहिलं" हा बचाव चालला नसता. नागपूर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांवर आरोप करणाऱ्या, प्रकरण दुसरीकडे वर्ग करण्याच्या अर्जावर दोन वकिलांनी सह्या केल्या होत्या. त्या एम. वाय. शरीफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सांगितलं, की सकृतदर्शनी पुरेसा आधार आहे याची खात्री न करता असल्या अर्जावर सही करणारा वकील स्वतः न्यायालयाच्या अवमानाचा दोषी ठरतो. त्या दोघांची बिनशर्त माफी स्वीकारली गेली, दंडही माफ झाला. पण निकाल मागे राहिला, आणि आजही अशा प्रकरणांत तोच पुढे येतो.

अवमानाची शिक्षा वेगळी आणि सनदेवरची कारवाई वेगळी, हे नव्या मुलांना बऱ्याचदा ठाऊक नसतं. १९७१ च्या अवमान कायद्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. अवमानाची शिक्षा म्हणून कोर्ट सनद निलंबित करू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवलं. ते काम वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचं. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली ती ताकीद देऊ शकते, ठरावीक मुदतीसाठी सनद निलंबित करू शकते, नाहीतर नावच काढून टाकू शकते. कैद सहा महिन्यांत संपते. नाव निघालं की पोट गेलं.

याचा अर्थ तोंड शिवून बसा असा नाही. बार कौन्सिलच्या नियमांतच लिहिलंय, की वकिलाने लाचार असू नये आणि गंभीर तक्रारीला योग्य कारण असेल तर ती योग्य अधिकाऱ्याकडे करणं हा त्याचा हक्क आहे आणि कर्तव्यही. तालुका-जिल्हा पातळीवरच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने तक्रार केली, तर अवमान कायद्याचं कलम ६ तुम्हाला संरक्षण देतं. मात्र तारीख, प्रसंग, कोणी पाहिलं आणि त्याचं शपथपत्र, एवढं हातात हवं. "साहेब त्यांच्याच बाजूचे वाटतात" याला बाररूममध्ये चहाबरोबर किंमत असते, अर्जात नसते.

आमच्या प्रकरणात अडचण साधी होती: आदेश आम्हाला पटला नव्हता. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ४३ खाली अपील असतं. ते मी मुदतीत दाखल केलं. त्यात न्यायाधीशांबद्दल अवाक्षर नव्हतं आणि अशील त्यावर आठवडाभर नाराज होते.