भाषेच्या रनटाइममध्ये वेळ कशी सांभाळायची: १९ डिसेंबर, ३० मे आणि लिस्बनचा फोन

एखाद्या ॲपमध्ये "१ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०" अशी तारीख दिसली की समजायचं, आत कुठेतरी शून्य आलाय. युनिक्सची मोजणी १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्री यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळेला) सुरू होते आणि आपण भारतात साडेपाच तास पुढे, म्हणून आपल्याकडे तो शून्य पहाटेचा दिसतो. गोव्यात फर्मागुडी, झुआरीनगर, कुंकळ्ळी, कुठेही शिकताना कंपायलरचा कोर्स झाला की स्वतःची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा लिहायची हौस येते, आणि ती यायलाच पाहिजे. पण पार्सर आणि गार्बेज कलेक्टरमध्ये सगळा जीव ओतल्यावर वेळेचं काम सी भाषेच्या लायब्ररीचं फंक्शन गुंडाळून एका दुपारी उरकलं जातं, आणि तुमची भाषा वापरणारा माणूस पुढे कित्येक वर्षं त्याचा त्रास काढतो. तेव्हा हे काम नीट कसं करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे रनटाइमच्या (प्रोग्रॅम चालवणाऱ्या भागाच्या) आत वेळ एकाच रूपात ठेवा, ६४ बिटांचा साइन्ड इंटिजर (उणेही होऊ शकणारा पूर्णांक), एकक नॅनोसेकंद, मोजणी यूटीसीमध्ये १९७० पासून. सीपायथॉनच्या (सीमध्ये लिहिलेल्या मूळ पायथॉनच्या) आत हेच आहे. यात मागे १६७७ पर्यंत आणि पुढे २२६२ पर्यंतची वेळ मावते, त्यापलीकडच्या तारखा लागल्या तर तो कॅलेंडरचा वेगळा टाइप करा, घड्याळाच्या टाइपमध्ये कोंबू नका. पैशांचा हिशेब दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवतात ना, तसंच हे. फ्लोट (दशांश आकडा) सोयीचा वाटतो पण डबलमध्ये (६४ बिटांच्या फ्लोटमध्ये) अचूकतेला ५३ बिट मिळतात, आणि आजचा टाइमस्टॅम्प, म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, १७० कोटींच्या पुढे असल्यामुळे दोन शेजारच्या फ्लोट आकड्यांमध्ये साधारण २३८ नॅनोसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे त्याहून बारीक फरक कायमचा गेला. नॅनोसेकंद थेट डबलमध्ये मोजायला लागलात तर १०४ दिवसांनंतर एकेक नॅनोसेकंद निसटायला लागतो. पायथॉनने याच कारणासाठी ३.७ मध्ये नॅनोसेकंदांचा इंटिजर देणारी वेगळी फंक्शनं आणली. तुम्ही ती पहिल्या दिवसापासून द्या.

दुसरं, भिंतीवरचं घड्याळ आणि अंतर मोजायचं घड्याळ हे दोन वेगळे टाइप करा, एकातून दुसरा वजा करायला गेलं तर टाइपचेकरने अडवलं पाहिजे. भिंतीवरचं घड्याळ नेटवर्कवरून दुरुस्त होतं, मागेही जातं. १ जानेवारी २०१७ ला यूटीसीच्या मध्यरात्री (आपल्याकडे साडेपाचच्या ठोक्याला) लीप सेकंद (घड्याळात घातलेला जादा सेकंद) आला तेव्हा क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरमध्ये हेच झालं, दोन वेळांची वजाबाकी शून्याखाली गेली, तो आकडा रँडम नंबरच्या फंक्शनला गेला आणि प्रोग्रॅम कोसळला. तो कोड गो भाषेत होता, आणि त्याच वर्षी गो १.९ मध्ये टाइमच्या आत मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणारा) आकडाही साठवायला सुरुवात झाली. लिनक्सवर त्यासाठी क्लॉक मोनोटॉनिक वापरा, फक्त लॅपटॉप झोपला की ते थांबतं हे डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहा. झोपेचा वेळही मोजायचा असेल तर क्लॉक बूटटाइम आहे.

आता घड्याळ वाचताना जिथे हमखास पाय घसरतो ती जागा. ऑपरेटिंग सिस्टिम तुम्हाला नेहमी नॅनोसेकंद देत नाही, टिक (आतल्या काउंटरचे ठोके) देते. विंडोजवर परफॉर्मन्स काउंटर बहुतेक वेळा सेकंदाला एक कोटी टिक मोजतो, ॲपलच्या नव्या चिपवर टिकला १२५ ने गुणून ३ ने भागायचं असतं. साधा विचार म्हणजे टिक × १०० कोटी ÷ फ्रीक्वेन्सी, गणित बरोबरच आहे, पण ६४ बिटांत तो गुणाकार मशीन चालू झाल्यापासून पंधरा-एक मिनिटांत ओव्हरफ्लो होतो, मावतच नाही! टेस्टमध्ये सापडत नाही कारण टेस्टचं मशीन नुकतंच चालू झालेलं असतं. म्हणून आधी भागाकार करा, पूर्णांक भाग वेगळा काढा, उरलेली बाकी गुणा आणि मग भागा, शेवटी दोन्हींची बेरीज. सीपायथॉनमध्ये यासाठी एक छोटं फंक्शन आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. विंडोजचं भिंतीवरचं घड्याळ तर १६०१ पासून १०० नॅनोसेकंदांच्या टप्प्यांत मोजतं, तिथे आधी ११,६४,४४,७३,६०० सेकंद वजा करा.

राउंडिंग. यावर थोडं थांबू या कारण लोक इथे एकच नियम सगळीकडे लावतात. टाइमआउट नेहमी वर ढकला: कोणी ०.१ मिलिसेकंद थांबायला सांगितलं आणि खालचा सिस्टिम कॉल मिलिसेकंदच घेतो, तुम्ही खाली राउंड केलंत तर तो शून्य होतो, प्रोग्रॅम थांबतच नाही आणि लूपमध्ये गरागरा फिरून सीपीयू तापवतो. घड्याळाची वेळ दाखवताना मात्र फ्लोअर, म्हणजे खालच्या पूर्णांकाकडे, कारण न आलेला क्षण दाखवायचा नाही. माणसाने दिलेल्या फ्लोटची तारीख करताना जवळच्या आकड्याकडे, आणि बरोब्बर मध्ये असेल तर सम आकड्याकडे. सीपायथॉनने राउंडिंगचे चार मोड ठेवलेत आणि प्रत्येक रूपांतराच्या फंक्शनला मोड द्यावाच लागतो. तुम्हीही डिफॉल्ट ठेवू नका, लिहिणाऱ्याला विचार करायला लावा.

आता १९७० च्या आधीच्या वेळा. गोव्यात बसून भाषा लिहिणाऱ्याकडे याची सगळ्यात चांगली टेस्ट आयतीच आहे, १९ डिसेंबर १९६१, गोवा मुक्त झाला तो दिवस. भारतीय वेळेनुसार त्या दिवसाची मध्यरात्र म्हणजे टाइमस्टॅम्प उणे २५,३६,०३,८००. याला ८६,४०० ने भागून दिवस काढा. सीमध्ये भागाकार शून्याकडे कापला जातो, म्हणून उत्तर येतं उणे २९३५ आणि बाकी उणे १९,८००, म्हणजे दिवस चुकला आणि तास तर शून्याच्या खाली गेले. खरं उत्तर आहे उणे २९३६ आणि बाकी ६६,६००, म्हणजे यूटीसीमध्ये १८ डिसेंबरची संध्याकाळ, साडेसहा. पायथॉनचा इंटिजर भागाकार मुळातच फ्लोअर करतो म्हणून तिथे हे दुखणं नाही, पण तुमचं रनटाइम सीमध्ये असेल तर बाकी शून्याखाली गेली की भागाकारातून एक वजा आणि बाकीत भाजक मिळवा, हे एकाच फंक्शनमध्ये लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. वाराही तसाच. १ जानेवारी १९७० गुरुवार होता, १९ डिसेंबर त्याच्या २९३५ दिवस आधी, सीमध्ये ७ ने भागून बाकी उणे २ येते आणि वारांच्या ॲरेबाहेरची मेमरी वाचली जाते. फ्लोअरने बाकी ५ येते, गुरुवारपासून पाच पुढे मंगळवार, आणि तो मंगळवारच होता. सेकंद आणि नॅनोसेकंद वेगळे द्यायचे असतात तिथेही हाच नियम, उणे दीड सेकंद म्हणजे उणे २ सेकंद अधिक ५० कोटी नॅनोसेकंद.

दिवसांवरून तारीख काढायला महिन्यांची लूप चालवू नका. वर्ष १ मार्चला सुरू होतं असं माना, मग लीपचा दिवस वर्षाच्या शेवटी जातो आणि सगळं सोपं होतं. ३० मे १९८७ घेऊ, गोवा राज्य झालं तो दिवस, १९७० पासून, शून्यापासून मोजून, ६३५८ वा. त्यात ७,१९,४६८ मिळवा, म्हणजे मोजणी शून्य वर्षाच्या १ मार्चपासून झाली, ७,२५,८२६. चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस, तशी चार चक्रं पूर्ण होतात आणि १,४१,४३८ दिवस उरतात. त्यातून लीपचे जास्तीचे दिवस काढून ३६५ ने भागलं की ३८७, म्हणून वर्ष १६०० अधिक ३८७. वर्षातला दिवस उरतो ९०, शून्यापासून मोजलेला. मार्च-एप्रिलचे ६१ गेले, उरले २९, म्हणजे मेची ३० तारीख. यात एकही टेबल नाही, एकही लूप नाही, फक्त चक्रांचा भागाकार तेवढा फ्लोअरवाला हवा.

टाइमझोनचा ऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) सेकंदांतच ठेवा. तासांत ठेवणारी भाषा भारतात पहिल्याच दिवशी मोडते, पाव तासांत ठेवलात तर नेपाळचं पावणेसहा जमेल पण कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद आहे ती नाही जमणार. झोनचा डेटा आयएएनए (जगभरच्या टाइमझोनची यादी सांभाळणारी संस्था) च्या डेटाबेसमधून घ्या, स्वतः टेबल बनवायच्या फंदात पडू नका. पण त्या डेटाची हद्द माहीत पाहिजे. तिथे झोन पाडताना १९७० नंतर घड्याळं वेगळी होती का एवढंच बघतात, म्हणून गोव्याला वेगळा झोन नाही, एशिया/कोलकाताच वापरायचा. त्या झोनमध्ये सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ युद्धकाळाचा साडेसहा तासांचा ऑफसेट आहे, आणि तो ब्रिटिश हिंदुस्थानचा. १९४४ साली मडगावात जन्मलेल्या माणसाची नोंद यूटीसीत बदलली तर लायब्ररी गुमान साडेसहा तास वजा करते, इथे तेव्हा पोर्तुगीज होते याचा तिला पत्ताच नसतो. जन्मतारखा, चर्चच्या किंवा कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेच्या) जुन्या नोंदी या साध्या तारीख म्हणून साठवायला वेगळा टाइप द्या, झोन नसलेला, आणि तो आपोआप टाइमस्टॅम्पमध्ये बदलू देऊ नका.

लिस्बन. गोव्यात कितीतरी घरांत कोणी ना कोणी तिकडे आहे, फोन कधी लावायचा हा रोजचा प्रश्न, फरक हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. २५ ऑक्टोबर २०२६ ला पहाटे तिथलं घड्याळ दोनवरून परत एकवर येईल, म्हणजे दीड दोनदा वाजेल, पहिला दीड आपल्याकडे सकाळी सहाला, दुसरा सातला. नुसतं "लिस्बन, दीड" दिलं तर रनटाइमने काय करायचं? पायथॉनने ३.६ मध्ये फोल्ड नावाचा एक बिट दिला, शून्य असेल तर पहिला, एक असेल तर दुसरा. तो बिट तुमच्या टाइपमध्ये सुरुवातीलाच ठेवा, नंतर घुसवायला फार जड जातं. मार्चच्या शेवटच्या रविवारी उलटं, तिथे दीड वाजतच नाही, आणि माझ्या मते तिथे गप्प पुढे ढकलण्यापेक्षा एरर देणं चांगलं, ढकलायचं असेल तर ते वापरणाऱ्याने सांगून करावं.

लीप सेकंद आत मोजायचा नाही, पॉझिक्समध्ये (युनिक्सच्या स्टँडर्डमध्ये) दिवस ८६,४०० सेकंदांचाच असतो, पण पार्सरने सेकंदाच्या जागी ६० स्वीकारलं पाहिजे, आणि तेही फक्त २३:५९:६० नाही, आपल्याकडे २०१७ ला तो ५:२९:६० ला आला होता. ३२ बिटांचा टाइम टाइप कुठेच उरू देऊ नका, तो १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८:४४:०७ ला संपतो, आणि जुनी फाइल फॉरमॅट वाचणारा कोड हीच त्याची लपायची जागा.

टेस्ट चालवताना सगळ्या टेस्ट तीनदा चालवा, टीझेड (टाइमझोन ठरवणारं) व्हेरिएबल यूटीसी ठेवून, मग एशिया/कोलकाता आणि मग युरोप/लिस्बन. सर्व्हर यूटीसीत असतो आणि लॅपटॉप भारतीय वेळेत, त्यामुळे एकाच झोनमध्ये पास झालेल्या टेस्टवर भरवसा नको. विंडोजवर आयएएनएचा डेटाबेस आयता मिळत नाही, तिथे तुमच्या भाषेबरोबर तो पॅकेज म्हणून द्यावा लागेल, पण शोधायचा क्रम असा ठेवा की आधी सिस्टिमचा आणि नसेल तरच तुमचा, कारण देश वर्षातून कधीही नियम बदलतात, सिस्टिमचा डेटा अपडेट होत राहतो आणि बायनरीत भाजलेला तुमचा डेटा पुढच्या रिलीजपर्यंत जुनाच राहतो.