गणपतीला गावी जाताना: दूध न चालणाऱ्या मुलाची तयारी

चतुर्थीला तीन आठवडे राहिले की आमच्याकडे दोन याद्या निघतात. एक सगळ्या घराची: गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, कापूर, आरतीच्या टाळांना नवी दोरी. दुसरी फक्त लेकासाठी. तो ७ वर्षांचा, २० किलोचा, आणि त्याला दुधाची ॲलर्जी. गाव देवगडकडचं. घरात पाच दिवस तीसेक माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाला या पोराच्या तोंडात काहीतरी गोड घालायचं असतं.

म्हणून बॅग नंतर, आधी फोन. सासूबाईंना, जाऊबाईंना आणि शेजारच्या काकींना, तिघींना वेगवेगळा. एकीला सांगितलं की सगळ्यांना कळेल हा भ्रम मी सोडला आहे. फोनवर सर्वात जास्त वेळ जातो तो मोठ्या भावोजींमुळे. त्यांना दूध प्यायलं की पोट फुगतं, जुलाब होतात, पण दहीभात मजेत चालतो. त्यामुळे ‘मलापण ॲलर्जी आहे, थोडं थोडं खाल्लं की सवय होते’ असं ते सगळ्यांना सांगत असतात. त्यांचं प्रकरण लॅक्टोजचं. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पचवणारं लॅक्टेज शरीरात कमी, म्हणून पोट बिघडतं, आणि मोठ्या माणसांत हे फार सर्रास आढळतं. लेकाचं शरीर उलटतं ते दुधातल्या प्रथिनांवर, केसीन आणि व्हे यांच्यावर. त्यात काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, श्वास अडकू शकतो. काही बाळांत हाच त्रास उशिरा, एक-दोन दिवसांनी शौचातून रक्त वगैरे असा दिसतो, तो प्रकार वेगळा. बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात. ज्या थोड्या मोठ्यांत ही ॲलर्जी टिकते, त्यांनाही लेकासारखंच सांभाळावं लागतं.

फोनवर आणखी चार गोष्टी सांगून टाकायच्या. म्हशीचं, शेळीचं, ‘ए-टू’ गायीचं, यातलं कुठलंच चालत नाही, प्रथिनं जवळपास तीच असतात. उकळून उपयोग नाही, केसीन उकळीला दाद देत नाही. लॅक्टोज-फ्री दूध भावोजींसाठी, लेकासाठी नाही. आणि घरचं साजूक तूप कितीही नितळ कढवलं तरी त्यात प्रथिनाचा अंश राहू शकतो. यावर काकींचं उत्तर ठरलेलं: ‘इतक्यान काय होवचा नाय!’ वाद घालायचा नाही. मागच्या वर्षीची पळी आठवून द्यायची, बस.

ती पळी अशी. शेजारच्या घरी आरती झाली, तीर्थ म्हणून पंचामृत फिरलं. लेकाने हात पुढे केला, कारण सगळ्यांनीच केला. दूध, दही, तूप, मध, साखर, पाचांतले तीन पदार्थ त्याचे वैरी. टाळ खाली ठेवेपर्यंत त्याच्या मानेवर गांधी होत्या आणि तो घसा खाकरत होता.

डॉक्टरांकडे जायचं ते याच्यासाठी. आपत्तीत काय करायचं ते एका पानावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घ्या आणि ते पान गावच्या फ्रिजला चिकटवा. आमच्या पानावर लिहिलंय: नुसत्या गांधी असतील तर ॲलर्जीचं औषध आणि लक्ष ठेवणं, पण श्वासाला त्रास, आवाज बसणं, सारखी उलटी, पोर मलूल पडणं यातलं काही दिसलं तर आधी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. आपोआप टोचणारं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून १ मिलीग्रॅमची एक मिलीलीटरची ॲम्प्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आणि बारीक सिरिंज. डोस वजनावर, किलोला ०.०१ मिलीग्रॅम, लेकाचा ०.२ मिलीग्रॅम, म्हणजे या ॲम्प्यूलमधलं ०.२ मिलीलीटर. तुमच्या मुलाचा आकडा तुमच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवा. मी मोसंब्यावर सराव केला. पहिली ॲम्प्यूल मोडताना अंगठा कापला, तेव्हापासून डबीत गॉजचा तुकडाही असतो. डबीत दोन ॲम्प्यूल, दोन-तीन सिरिंजा. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा डोस, डॉक्टरांनी तसं लिहिलं असेल तर. डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही, ऊन आणि उजेड दोन्ही वाईट. इंजेक्शन दिल्यावर मुलाला आडवं ठेवायचं, पाय जरा वर. दम लागत असेल तर बसवायचं, पण उठवून चालवायचं नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी त्रास परत उसळू शकतो.

१०८ला फोन करायचा, पण आमच्या अंगणात रेंज फक्त पेरूच्या झाडाखाली येते, हे आधीच माहीत हवं. रात्री डॉक्टर आणि ऑक्सिजन असलेला जवळचा दवाखाना कुठला, ते पोहोचल्याच्या दिवशी विचारून घ्या आणि दिवसाउजेडी एकदा तिथपर्यंत गाडी नेऊन या. भर पावसात तो रस्ता वेगळाच दिसतो.

प्रवासाचा डबा घरचा. स्टेशनवरचा चहा, क्रीमची बिस्किटं, सगळं वर्ज्य. २०२०च्या लेबलच्या नियमांप्रमाणे पाकिटावर दुधाचा उल्लेख असावा लागतो, तेव्हा ‘मिल्क’, ‘व्हे’, ‘केसीनेट’, ‘मिल्क सॉलिड्स’ हे शब्द शोधा. बेकरीच्या काचेच्या बरणीतल्या नानकटाईला लेबल नसतं, म्हणून ती नाहीच.

जेवणाचं मात्र कोकणात सोपं आहे. रस-शिरवळे, घावन, सोलकढी, माशाचं तिखलं, सगळा कारभार नारळाचा. विचारायचं एवढंच, की सोलकढीत ताक नाही ना, आणि ताकाचा डाव त्यात बुडाला नाही ना. नारळाच्या रसाला आपण ‘दूध’ म्हणतो त्यानेही घोळ होतो. लेकाला मी ‘रस’ हाच शब्द शिकवलाय. कॅल्शियमला या रसाचा फारसा उपयोग नाही, त्यासाठी नाचणीची भाकरी आणि काट्यासकट खाता येणारी बारकी मासळी. तान्ह्या बाळाला तर रस दुधाऐवजी देऊच नका.

मोदकांचा पहिला घाणा लेकासाठी, उकडीत तूप न घालता आणि तेलाचा हात लावून. नंतर केला तर तुपाचे हात तिथे लागलेले असतातच. नवी पळी आणि वाटी मी मुंबईहून नेते. गुरुजींना सांगितलं की ते लेकाच्या हातावर नारळपाण्याचं तीर्थ देतात, आजवर कुणी नाही म्हणालेलं नाही. खरी भीती गावच्या स्वयंपाकाची नाही, आपल्याच मुंबईकरांच्या खोक्यांची: पेढे, खव्याचे मोदक, काजूकतली. पूर्वी प्रसाद म्हणजे खिरापत आणि पंचखाद्य होतं, ते किती बरं होतं!

परतीच्या पिशवीत काजू, फणसपोळी, खाजा भरा. आंबावडीत दुधाची पावडर किंवा खवा आहे का तेवढं विचारा, आणि असला तर ती खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना देऊन टाका.