जर्मनीत मेडिकल कॅनबिसचा खर्च क्रांकेनकासेकडून कसा मिळवायचा, आमच्या अनुभवासकट

माझ्या नवऱ्याला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मज्जासंस्थेचा आजार. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. गेल्या काही महिन्यांत आपल्या मराठी मंडळींपैकी तिघांनी मला फोन करून एकच विचारलं, की डॉक्टरांनी कॅनबिसचं (गांजाचं) औषध सुचवलंय पण कासे (क्रांकेनकासे, म्हणजे इथली सरकारी आरोग्य विमा संस्था) पैसे देईल का आणि नाही म्हणाली तर काय करायचं. दरवेळी फोनवर तासभर तेच सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून ठेवते. यातली जर्मन नावं तशीच ठेवलीयेत, कारण पत्रांवर आणि फोनवर तीच ऐकायची आहेत, मराठीत भाषांतर करून काही उपयोग नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. 1 एप्रिल 2024 पासून जर्मनीत मोठ्या माणसांना थोडाफार गांजा बाळगायला परवानगी मिळाली ती वेगळी भानगड आहे, तिचा आणि आपला काही संबंध नाही. पेशंटला कासेच्या पैशातून कॅनबिस मिळायचा हक्क त्याच्या खूप आधीचा आहे, मार्च 2017 चा. 2024 मध्ये एवढंच झालं की कॅनबिस नार्कोटिक्सच्या यादीतून बाहेर आलं, त्यामुळे डॉक्टरांना पूर्वीसारखा तो स्पेशल पिवळा फॉर्म भरावा लागत नाही, साधं ई-रेत्सेप्ट (ऑनलाइन प्रिस्क्रिप्शन) चालतं. नाबिलोन नावाचं प्रयोगशाळेत बनवलेलं तशाच प्रकारचं औषध तेवढं अजून जुन्या यादीत आहे.

हक्क कोणाला, तर कायद्यात तीन अटी आहेत. आजार गंभीर हवा. नेहमीचे उपचार उपलब्ध नसावेत, किंवा असले तरी तुमच्या केसमध्ये साइड इफेक्टमुळे वगैरे चालत नसावेत. आणि कॅनबिसने फरक पडायची अगदीच दूरची नसलेली शक्यता हवी. आजारांची ठरलेली यादी कायद्यात नाहीये, आणि हे लोकांना माहीतच नसतं, ते इंटरनेटवर यादी शोधत बसतात आणि आपलं नाव नाही म्हणून गप्प बसतात. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त केसेस दुखण्याच्या असतात. सरकारने 2017 ते 2022 या काळात डॉक्टरांकडून जी माहिती गोळा केली त्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पेशंट क्रॉनिक पेनचे, म्हणजे जुनाट दुखण्याचे होते, आणि सगळ्यात जास्त दिलं गेलेलं औषध होतं ड्रोनाबिनोल (कॅनबिसमधलं टीएचसी हे द्रव्य), गांजाची फुलं नव्हेत.

आता पहिलं काम, कुठलं औषध ते नीट विचारा, कारण त्यावर पुढची सगळी वाट ठरते. साटिव्हेक्स नावाचा तोंडात मारायचा स्प्रे एमएसच्या स्पॅस्टिसिटीसाठी, म्हणजे स्नायू आखडण्यावर, मान्यता मिळालेलं औषध आहे, एपिडायोलेक्स लहान मुलांच्या काही अवघड फिट्ससाठी म्हणजे ड्रावे आणि लेनॉक्स-गास्टो वगैरे. ज्या आजारासाठी मान्यता आहे त्याच आजारासाठी दिलं तर कासेची आगाऊ परवानगी लागतच नाही, डॉक्टर नेहमीच्या औषधासारखं लिहून देतात. ड्रोनाबिनोलचे थेंब, एक्स्ट्रॅक्ट आणि वाळलेली फुलं यांचं प्रकरण वेगळं, तिथे वरच्या तीन अटी लागतात. त्यातही फुलं हवी असतील तर फुलंच का, तेल किंवा थेंब का नको, याचं कारण डॉक्टरांना लिहावं लागतं.

दुसरं म्हणजे डॉक्टर कोण आहे ते बघा. 17 ऑक्टोबर 2024 पासून बऱ्याच स्पेशालिस्ट डॉक्टरांना पहिल्या रेत्सेप्टसाठी कासेची परवानगी घ्यावी लागत नाही, त्यात न्यूरोलॉजी, अनेस्थेशिया, इंटर्नल मेडिसिन, सायकिअ‍ॅट्री, जनरल मेडिसिनचे फाखआर्त्स्ट (स्पेशालिस्ट) आले, शिवाय पेन थेरपी किंवा पॅलिएटिव्हचं (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करण्याचं) जादा क्वालिफिकेशन असलेले. ऐकायला एकदम सोपं वाटतं, पण गंमत अशी की परवानगी गेली तरी तीन अटी आहेत तिथेच आहेत, आणि नंतर कासेने आक्षेप घेतला तर पैसे डॉक्टरांकडून वसूल व्हायची भीती असते, त्याला इथे रेग्रेस म्हणतात. म्हणून डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर ते तुमच्यावर विश्वास ठेवत नाहीत असं लगेच मनाला लावून घेऊ नका. त्यांना म्हणा की आपण हवं तर आधी परवानगीचा अर्ज करू, तसं करायची मुभा या डॉक्टरांनाही आहे, आणि हातात कासेचं पत्र आलं की डॉक्टरही निर्धास्त होतात. आमच्या ओळखीच्या एका ताईंचं काम या एका वाक्यावर झालं.

आता आमची गोष्ट सांगते कारण चूक कुठे होते ते त्यातून कळेल. नवऱ्याला रात्री तीनच्या सुमाराला पायात गोळे यायचे, म्हणजे साधे वात येतात तसे नव्हेत, पोटरी हाताला दगडासारखी लागायची आणि गुडघा सरळच व्हायचा नाही, मी दोन्ही हातांनी तळपाय दाबून धरायचे तेव्हा दहा-पंधरा मिनिटांनी सुटायचा. बॅक्लोफेन झालं, टिझानिडिन झालं, दोन्ही स्नायू सैल करायची औषधं, त्याने दिवसा इतकी गुंगी यायची की ऑफिसच्या मीटिंगमध्ये डोळे मिटायचे. मग साटिव्हेक्स, त्याने थोडं बरं वाटलं पण तोंडाच्या आत आतून सोलल्यासारखं झालं. मग डॉक्टर म्हणाले ड्रोनाबिनोलचे थेंब करून बघू. तेव्हा परवानगी लागायचीच, अर्ज केला, आणि 2022 च्या दिवाळीत, फराळाचा डबा टेबलावर असताना, नकाराचं पत्र आलं. कारण काय, तर नेहमीचे उपचार पूर्ण करून झालेले दिसत नाहीत. मी रडले त्या दिवशी, खरंच, कारण त्या पायांना मी रोज रात्री हात लावत होते आणि कुणीतरी न बघता लिहून टाकलं की दिसत नाही.

नंतर फाइल मागवली तेव्हा समजलं. कासे अर्ज मेडिझिनिशर डीन्स्टकडे (कासेसाठी असे अर्ज तपासणारी डॉक्टरांची संस्था) पाठवते, तिथले डॉक्टर पेशंटला बघत नाहीत, फक्त कागद बघतात, आणि आमच्या कागदात औषधांची नुसती नावं होती. किती डोस, किती महिने, का बंद केलं, काहीच नाही. आमच्या डॉक्टरांना सगळं माहीत होतं, पण ते त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, अर्जात नव्हतं.

म्हणून माझ्या मते सगळ्या कामातला ऐंशी टक्के जीव डॉक्टरांच्या लेखी मतात आहे, त्याला बेग्रुंडेटे आइनशेत्सुंग म्हणतात. नोव्हेंबर 2022 मध्ये बुंडेसझोत्सियालगेरिष्टने, म्हणजे इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने, ते कसं असावं हे स्पष्ट केलं. आजार काय आणि त्यामुळे रोजच्या जगण्यात काय अडतं, आजवर कोणते उपचार झाले आणि प्रत्येकाचा काय परिणाम आणि काय त्रास झाला, अजून कोणते उपचार शिल्लक आहेत आणि ते का चालणार नाहीत, आणि कॅनबिसचे स्वतःचे धोके धरूनही ते का द्यावंसं वाटतं. पूर्वी कॅनबिस ओढत असाल किंवा व्यसनाचा इतिहास असेल तर त्यावरही डॉक्टरांनी लिहायला हवं, लपवू नका, तेवढ्यावरून आपोआप नकार होत नाही. आणि पेशंटच्या बाजूची मोठी गोष्ट ही की हे मत पूर्ण आणि पटण्यासारखं असेल तर कासेने स्वतःचं वेगळं मत त्याच्यावर लादायचं नसतं.

डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे सगळं त्यांच्यावर सोडू नका. मी घरी एक तक्ता केला, औषधाचं नाव, कधीपासून कधीपर्यंत, जास्तीत जास्त डोस, काय झालं, का थांबवलं. सोबत जुने हॉस्पिटलचे रिपोर्ट. शिवाय गोळे आलेल्या रात्री मी किचनमधल्या कालनिर्णयवर मांडून ठेवायचे, दुधाचा हिशोब मांडतात तसं त्या तारखेच्या चौकोनात वेळ आणि किती मिनिटं. ते सहा आठवड्यांचं जर्मनमध्ये उतरवून डॉक्टरांना दिलं. पुण्यातले जुने रिपोर्ट असतील तर तेही जोडा, ते इंग्लिशमध्ये असतात आणि आमच्या डॉक्टरांनी तेवढ्यावर काम भागवलं.

अर्ज पेशंटने करायचा असतो, कासेकडे फॉर्म असतो, डॉक्टरांचा भाग वेगळा. मुदत आता दोन आठवडे आहे, मेडिझिनिशर डीन्स्टला विचारायचं असेल तर चार, पॅलिएटिव्ह केअर बघणारे नेहमीचे डॉक्टर लिहून देत असतील तर फक्त तीन दिवस, आणि घरी येणारी खास पॅलिएटिव्ह टीम लिहून देत असेल तर परवानगी लागतच नाही. आणि हे कृपा करून लक्षात ठेवा, परवानगी लागणार असेल तर ती यायच्या आधी स्वतःच्या पैशाने औषध घेऊन नंतर बिल पाठवू नका, ते पैसे परत मिळत नाहीत. ऑनलाइन प्रश्नावली भरून जे रेत्सेप्ट मिळतं ते बहुतेक वेळा प्रिव्हाटरेत्सेप्ट असतं, त्याचा खर्च सगळा खिशातून, कासेचा संबंध नाही. सरकार त्या ऑनलाइन प्रकारावर लगाम घालायचं विधेयकही 2025 मध्ये घेऊन आलंय, तेव्हा त्या वाटेवर भिस्त ठेवू नका, समोर बसणारा डॉक्टर शोधा.

नकार आला तर पत्र आलं त्या दिवशी पाकिटावर तारीख लिहा आणि पाकीट टाकू नका. विडरश्प्रुखला, म्हणजे नकारावर लेखी हरकत घ्यायला, एक महिना असतो. आपले लोक इथे हमखास अडकतात, त्यांना वाटतं आधी सगळी कारणं, सगळे रिपोर्ट जमवू आणि मग पाठवू, तोवर महिना संपतो. तसं करायचं नाही. लगेच दोन ओळींचं पत्र पाठवायचं, या तारखेच्या बेशाइडवर (निर्णयाच्या पत्रावर) मी विडरश्प्रुख करतो, कारणं नंतर पाठवतो, आणि मेडिझिनिशर डीन्स्टचं गुटआख्टेन (तपासणीचा अहवाल) मला पाठवा. खाली सही. साधा ईमेल चालत नाही, आइनश्राइबेनने (रजिस्टर पोस्टाने) पाठवा किंवा फॅक्स करा आणि फॅक्सचा रिपोर्ट जपून ठेवा. गुटआख्टेन आलं की डॉक्टरांकडे घेऊन जायचं आणि त्यातल्या एकेका मुद्द्याला उत्तर लिहून घ्यायचं. आमच्या डॉक्टरांनी दुसऱ्या वेळी दोन पानं लिहिली, सोबत आमचा तक्ता, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये होकार आला. त्याच कासेकडून, त्याच आजारासाठी, त्याच औषधासाठी.

विडरश्प्रुखही फेटाळला तर परत एक महिन्याच्या आत झोत्सियालगेरिष्टमध्ये (सामाजिक न्यायालयात) जाता येतं, पेशंटला कोर्टाची फी नसते आणि पहिल्या पायरीवर वकील लागतोच असं नाही. तब्येत थांबण्यासारखी नसेल तर तातडीच्या आदेशासाठीही अर्ज करता येतो. फाउडेका (VdK) सारख्या झोत्सियालफरबांडचं, म्हणजे असे हक्क मिळवायला मदत करणाऱ्या संघटनेचं, सभासद झालात तर ते विडरश्प्रुखपासून मदत करतात, वकिलाच्या मानाने खर्च फारच कमी. कोर्ट म्हटल्यावर व्हिसाचं काय होईल असं मला दोघांनी विचारलं. अहो, हे गुन्ह्याचं कोर्ट नाही, विम्याच्या भांडणाचं आहे. आणि ऑफिसलाही कासे किंवा डॉक्टर काही कळवत नाहीत.

मिळायला लागल्यावर स्वतःचा वाटा म्हणजे त्सुत्सालुंग, किमतीच्या दहा टक्के पण कमीत कमी 5 आणि जास्तीत जास्त 10 युरो. पावत्या ठेवा. वर्षाची अशी सगळी रक्कम घरच्या एकूण उत्पन्नाच्या 2 टक्क्यांवर गेली, किंवा क्रॉनिक पेशंट असल्याचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर 1 टक्क्यावर, की उरलेल्या वर्षासाठी माफी मिळते, पण ती मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही. मुलांना अठरा वर्षांपर्यंत हे भरावंच लागत नाही. डोस बदलला किंवा फुलांची जात बदलली तर परत परवानगी नको, पण फुलांवरून थेंबांवर असा मोठा बदल असेल तर आधी विचारा.

प्रायव्हेट इन्शुरन्सवाल्यांनी, आपल्याकडचे बरेच आयटीवाले पगार वाढला की तिकडे जातात, वरचं सगळं जसंच्या तसं धरू नये. तिथे तुमचा करार काय म्हणतो ते चालतं. औषध सुरू करायच्या आधी डॉक्टरांचं पत्र पाठवून खर्च देऊ असं लेखी घ्या. आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर आलेत आणि त्यांच्या गुडघ्यासाठी किंवा कॅन्सरच्या दुखण्यासाठी हे मिळेल का असं विचाराल तर त्यांच्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये जुने आजार बहुतेक वगळलेलेच असतात, त्या आशेवर त्यांना बोलावू नका. बायको किंवा नवरा नोकरी करत नसेल आणि तुमच्या सरकारी कासेत फॅमिलीमध्ये असेल तर मात्र हक्क पूर्ण तुमच्याइतकाच.

राहिलं भारतात जाणं. हे औषध घेऊन जाऊ नका. भारतात 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आहे, जर्मन रेत्सेप्ट आणि डॉक्टरांचं पत्र दाखवून मुंबईच्या कस्टम्सवर सुटू या भरवशावर कुणी राहू नये, आणि दुबईवरून जाणार असाल तर तिथले नियमही कडक आहेत, ट्रान्झिटमध्येसुद्धा. आम्ही साताऱ्याला जातो तेव्हा डॉक्टर आधीच्या काही आठवड्यांत डोस हळूहळू कमी करून दुसऱ्या गोळ्यांवर आणतात आणि परत आल्यावर पुन्हा थेंब वाढवत नेतात. ते तीन आठवडे त्याला त्रास होतो, सासूबाई रात्री उठून पाय चेपतात. हे सगळं ठरवायला वेळ लागतो, म्हणून डिसेंबरचं तिकीट असेल तर न्यूरोलॉजिस्टचं टर्मिन (अपॉइंटमेंट) ऑगस्टमध्येच मागा, मिळतामिळता नोव्हेंबर उजाडतो.