बुद्धिबळातल्या आवडत्या ग्रँडमास्टरला भेटायचंय? मग हे करा

राउंडच्या आधी अजिबात जाऊ नका, तेव्हा त्यांच्या डोक्यात ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) चालू असतं, आणि गेम हरले असतील तर लांबूनच नमस्कार. बेस्ट चान्स म्हणजे सायमल्टेनियस, म्हणजे एकच मास्टर एकाच वेळी अनेकांशी खेळतात, एकेक बोर्ड करत फिरतात, तुमच्यासमोर आले की लगेच चाल करायची, स्कोअरशीटवर (चाली लिहायच्या कागदावर) नीट लिहायची कारण नंतर सही त्यावरच घ्यायची (सेल्फीपेक्षा लय भारी, माझी अजून फाईलला आहे). नुसतं "फॅन आहे" नको, त्यांचा एखादा गेम बघून जा. नागपूरची दिव्या देशमुख भेटली तर बातुमीचा (जॉर्जिया) २०२५ चा महिला वर्ल्ड कप, फायनलला कोनेरू हंपीसोबतचा टायब्रेक (बरोबरीनंतरचे निर्णायक डाव), त्यातली एखादी चाल विचारा, तिथेच ती ग्रँडमास्टर झाली. मला एका सरांनी जेवण सोडून हत्तीचं एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) समजावलेलं, तेही बोर्डाशिवाय!